ते औषध आत्याला का चाललं नसतं?

विद्यापीठात, लग्नाच्या पंगतीत, राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानात मला एकच प्रश्न येतो: "सर, प्रथिनांची पकड सोडवणारा रेणू आहे म्हणता, मग कॅन्सर झालेल्या आत्याला का नाही दिला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सांगतो.

पी-५३ हे बिघडलेल्या पेशीला आवरणारं प्रथिन. एमडीएम-२ हे दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. पण दोन प्रथिनं जिथे टेकतात ती जागा बहुतेकदा रुंद आणि सपाट असते. छोट्या रेणूला तिथे थारा मिळत नाही, म्हणून अनेकांनी हा नाद सोडला होता. इथे मात्र पी-५३ची तीनच अमिनो आम्लं, फेनिलअॅलनिन, ट्रिप्टोफॅन आणि ल्युसिन, एमडीएम-२च्या खोल खाचेत शिरतात. २००४ साली जाहीर झालेले न्यूटलिन नावाचे छोटे रेणू तीच खाच अडवतात. पी-५३ सुटतं आणि पेशीला थांबवतं किंवा मारतं. रेणू स्वतः कुणालाच मारत नाही. नेमकं हेच वाक्य कुणी ऐकून घेत नाही.

आतेभावाने रिपोर्टची फाईल पुढ्यात ठेवली तेव्हा मी एकच ओळ शोधत होतो. दुसऱ्या पानावर सापडली: टीपी-५३, म्युटेशन आढळले. टीपी-५३ हे पी-५३चं जनुक, त्यातच बिघाड; म्हणजे ज्याला सोडवायचं तेच निकामी.

"डोस वाढवून?" त्याने विचारलं.

"नाही रे."

"एवढा शिकलास, आणि आईसाठी फक्त 'नाही'?"

कॉटवरून आत्या म्हणाली, "काय लिवलंय रं त्यात?"

तुझ्या गाठीतलं एक प्रथिन बिघडलंय, मी म्हटलं.

"मग दुसरं घाला की."

बरोबरच होतं तिचं. पण ते घालणं माझ्या हातात नव्हतं, कोणत्याही छोट्या रेणूच्याही नव्हतं.

व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आहे की, म्हणाल. आहे. ते पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाची खाच अडवतं, पी-५३ गेलेलं असलं तरी चालतं. २०१६ साली अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती पी-५३ गेलेल्या ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी. आत्याची गाठ आतड्याची होती.

पूर्वी मी वर्गात ठासून सांगायचो: पी-५३ शाबूत असेल तर काम झालंच. मग एमडीएम-२च्या त्याच खाचेवर बेतलेलं इडासान्यूटलिन हे औषध आलं. शाबूत पी-५३ असलेल्या ल्युकेमियाच्या मोठ्या चाचणीत त्यानेही रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. तरीही पकड सुटते हे खरंच आहे, असं मी आजही म्हणतो. "कुणासाठी?" असं आतेभाऊ विचारतो आणि आमचा वाद तिथेच अडतो.

पुढच्या वेळी विचारायला येताना रिपोर्ट घेऊन या. मला उर्मट म्हणा, पण टीपी-५३ची ओळ बघितल्याशिवाय मी कुणाला हो म्हणणार नाही.