३०० चा प्लॅन घेतला, तरी आकडा ९४ वरच का?

आज शहापुरात एका घरी १०० चा इंटरनेट प्लॅन बदलून ३०० एमबीपीएसचा (सेकंदाला ३०० मेगाबिट) झाला. स्पीड टेस्टमध्ये आकडा मात्र ९४.

केबल लावूनसुद्धा ९४ च्या आसपास अडकलं, तर दोष बहुतेक घरातच असतो. बऱ्याच जुन्या राउटरची पोर्टं (केबल लावायची भोकं) १०० एमबीपीएसचीच असतात. नाहीतर केबलच्या ८ पैकी ४ च तारा जोडलेल्या असतात. १०० ला ४ पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. एका तारेचं क्रिम्पिंग (टोकाच्या प्लगमधली पकड) सैल असलं तरी जोडणी गुपचूप १०० वर उतरू शकते, आणि नेट चालू राहत असल्यानं कुणाला शंकाही येत नाही. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड (केबलच्या जोडणीचा वेग) १०० आहे की १०००, ते आधी बघा. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची हवी.

वायफायची गोष्ट वेगळी. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० ची आशा धरूच नका. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीत लवकर मरतं. खानापूरकडच्या जांभ्या चिऱ्याच्या घरात राउटर सोप्यात टीव्हीमागं ठेवला, तर माजघरात काय पोचणार ओ? मधल्या दारासमोर, डोक्याच्या उंचीवर लावा. त्यापुढं दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा वेगळा डबा), तोही केबल ओढूनच. साध्या रिपीटरनं (वायफाय हवेतूनच उचलून पुढं पाठवणाऱ्या डब्यानं) वेग साधारण निम्मा होतो.

आणि डाउनलोडला ३७ दिसलं तर घाबरू नका. तो आकडा मेगाबाइटचा, प्लॅन मेगाबिटचा: ३०० भागिले ८, म्हणजे ३७.५.