माझा अनुभव : मागच्या जिन्याचं कुलूप

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी टेक्निकल ऑफिसर आहे. आमच्या रसायन विभागाच्या इमारतीचा आपत्कालीन आराखडा नव्याने करण्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे सेफ्टी कमिटीच्या बैठकीत बाकीच्यांनी वेळेवर माना खाली घातल्या. कोणाच्या गळ्यात असंच काम पडलं असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितेय, आणि मनातली जळजळ जरा उतरावी म्हणूनही.

कागदी भाग अवघड नाही. कोणत्या लॅबमध्ये कोणतं रसायन किती, हे पीएचडीच्या मुलांनी भरून दिलं. यादी करायला कोणी कुरकुर केली की मी दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजाराची गोष्ट सांगायचे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षं पडून असलेलं गॅमा किरणांचं यंत्र २०१० मध्ये लिलावातून भंगारवाल्यांकडे गेलं, आतला किरणोत्सारी कोबाल्ट-६० उघडा पडला आणि त्यात एकाचा जीव गेला. चादर झाकून ठेवलेली जुनी उपकरणं आमच्याकडेही कमी नाहीत. गॅस सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून घेतले, डोळे धुण्याच्या नळासमोरची खोकी हलवली. ते सगळं झालं.

अडलं ते मागच्या जिन्याच्या दारापाशी.

आमच्या इमारतीला दोन जिने. मुख्य जिन्याला लागून सॉल्व्हंटची, म्हणजे पेट घेणाऱ्या द्रवांची खोली, आणि तिच्या बाहेरच द्रव नायट्रोजनची भांडी. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळपास सातशे लिटर वायू होतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. म्हणजे तिथे आग लागली किंवा गळती झाली, तर मुख्य जिना गेलाच. उरला मागचा. त्याच्या तळमजल्यावरच्या दाराला बाहेरून कडी आणि कडीला भलंमोठं कुलूप. किल्ली गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये, रजिस्टरवर सही करून मिळणार. पूर्वी कधीतरी एसीचे तांब्याचे पाइप या वाटेने चोरीला गेले होते, तेव्हापासूनचं हे कुलूप.

नॅशनल बिल्डिंग कोडच्या चौथ्या भागात स्वच्छ लिहिलंय की बाहेर पडण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. त्या पानाची प्रत जोडून मी नोटशीट वर पाठवली. फाइल सिक्युरिटी ऑफिसरकडे गेली. ते निवृत्त फौजी, माणूस सज्जन, शिस्तीचा. त्यांचा प्रश्न एकच : "मॅडम, उद्या चोरी झाली तर जबाबदार कोण?" मी विचारलं, "साहेब, आणि रात्री दोनला आग लागली तर?" ते म्हणाले, "रात्री दोनला तिथे कोणी नसतं." रात्री दोनला आमच्या लॅबमध्ये निम्मी मुलं कॉलम लावून, म्हणजे मिश्रणातली रसायनं वेगळी करत बसलेली असतात. हे सगळ्या संस्थेला माहीत आहे, फक्त रजिस्टरला माहीत नाही, कारण आठनंतर थांबायला परवानगी लागते आणि ती कोणी मागत नाही.

फाइल परत आली ती "प्लीज स्पीक" असा शेरा घेऊन. भेटून बोलले. मग ती इस्टेट विभागाकडे, तिथून खर्चाचं काय म्हणून अकाउंट्सकडे, तिथून "सिक्युरिटीचं मत घ्यावं" म्हणून परत साहेबांकडे. प्रत्येक टेबलावर मान डोलवायचे सगळे, सही कोणीच करायचं नाही. मधेच तोडगा निघाला : दाराशेजारी काचेच्या पेटीत किल्ली ठेवायची. पेटी बसली, काच बसली, बाजूला छोटी हातोडीही आली. मी म्हटलं एकदा किल्ली लावून बघू या. लागेना. कुलूप मध्यंतरी बदललं होतं आणि पेटीत जुन्याची किल्ली होती! ती पेटी भिंतीवर "अनुपालन पूर्ण" म्हणून लटकत होती.

माझी इच्छा होती की ड्रिल, म्हणजे इमारत रिकामी करण्याचा सराव, एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात व्हावं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्याच्या स्मरणार्थ तो सप्ताह असतो. (१४ तारखेलाच ड्रिल ठरवू नका, आंबेडकर जयंतीची सुट्टी असते.) सप्ताह आला, पोस्टर लागली, भाषण झालं, कुलूप तिथेच. नोटमध्ये मी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या सिलिंडरच्या स्फोटाचाही उल्लेख केला होता. त्यात एका तरुण संशोधकाचा जीव गेला. त्यावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "नोटेड".

सुटलं कशाने, तर फॉर्म बीने. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. जुलैत एजन्सीचा मुलगा आला. मी त्याला चहा पाजला आणि हायड्रंट दाखवायच्या निमित्ताने मागच्या जिन्याने खाली नेलं. कुलूप बघून तो म्हणाला, "मॅडम, हे मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल." मी म्हटलं, अवश्य लिहा, ठळक लिहा. इतके महिने जी फाइल माझ्या मागे लागण्यावर रांगत होती, ती त्या एका ओळीने धावायला लागली. तेव्हा फाइलसोबत कायद्याचं पान जोडण्यापेक्षा बाहेरच्या माणसाचा शेरा मिळवा, आणि जानेवारी-जुलैची वेळ साधा. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दाराला आता पॅनिक बार आहे. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून उघडत नाही, आणि उघडलं की केबिनमध्ये भोंगा वाजतो. चोरीची काळजी मिटली, आगीचीही. साहेब खूश, आता पाहुण्यांना स्वतः दाखवतात. दाखवू देत.

इमारतीच्या दर्शनी बाजूच्या, कार्ड लावून उघडणाऱ्या दाराबद्दल राहिलंच. त्याचं चुंबकीय कुलूप वीज गेली की सुटतं असं पुरवठादार सांगतो. पण त्याला बॅटरी बॅकअप असतो, त्यामुळे नुसता मेन स्विच पाडून काही कळत नाही. फायर पॅनेलवरून अलार्म खरोखर वाजवा आणि दार सुटतं का ते हाताने ढकलून बघा. आमचं पहिल्यांदा सुटलं नाही. वायर जोडलेलीच नव्हती.

ड्रिल शेवटी भर पावसात झालं. एकत्र जमायची जागा म्हणजे लॉन, तिथे चिखल, म्हणून सगळे पोर्चमध्ये, थेट काचेच्या दर्शनी भिंतीखाली उभे राहिले. मागचं दार उघडल्यावर भोंगा वाजला आणि सिक्युरिटी एजन्सीचा नवा गार्ड धावत आला तो दार बंद करायला! त्याला ड्रिलचं कोणी सांगितलंच नव्हतं. गार्ड बदलत राहतात, तेव्हा प्रत्येक पाळीच्या प्रमुखाला वेगळं सांगा, केबिनमध्ये मराठीत आणि हिंदीत कागद चिकटवा. पावसाळ्यासाठी जमायची दुसरी जागा ठरवा. आम्ही आता सायकल स्टँडची शेड घेतली आहे.

आणि डोकी मोजताना कार्डाच्या यंत्रावर विसंबू नका. एकाने कार्ड लावलं की त्याच्यामागून चौघं आत शिरतात, त्यामुळे आत कोण आहे ते यंत्राला कळत नाही. प्रत्येक मजल्यावरच्या एकाकडे त्या दिवशीची हाताने लिहिलेली यादी हवी, पाहुणे आणि कॅन्टीनचा चहावाला धरून. आमच्या मोजणीत नेमका चहावालाच राहिला होता.