मेट्रोनोम ४० वर

मी ड्रम्स शिकवतो, मधून मधून रेकॉर्डिंगला पण वाजवतो. मागे एका सेशनला हाय-हॅटवर (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) एकाच हाताने सलग सिक्स्टीन्थ, म्हणजे एका बीटला चार स्ट्रोक, वाजवायचे होते, टेम्पो मिनिटाला १०५ बीट, म्हणजे उजव्या हाताचे मिनिटाला ४२० स्ट्रोक. पहिला टेक कसाबसा निघाला, दुसऱ्यात कोपराखाली हात दगड झाला, तिसऱ्यात मीच थांबलो. शेवटी दोन्ही हातांनी वाजवून वेळ मारून नेली पण फील गेला तो गेलाच.

मग म्हटलं आता मोलर टेक्निक नीट शिकायचंच. सॅनफोर्ड मोलर या अमेरिकन ड्रमरच्या नावाने हे टेक्निक ओळखतात, पुढे त्याचा शिष्य जिम चॅपिनने ते भरपूर लोकांना शिकवलं. हात चाबकासारखा चालवायचा, आधी कोपर आणि हात उचलतो, मनगट ढिलं लोंबत असतं, काठीचं टोक सगळ्यात शेवटी येतं. एका झटक्यात तीन स्ट्रोक: पहिला जोरात खाली, दुसरा नुसत्या बाऊन्सवर (हा टॅप), आणि तिसरा मुद्दाम मारायचाच नाही, हात वर जाता जाता काठी टेकून जाते. ऐकायला सोपं आहे हो!

तीन आठवडे रोज ही तीन स्ट्रोकची ट्रिपलेट घोटली, ८०-९० वर मस्त वाजायची, मी खूश. मग त्या दिवशी क्लासमधे मधे थोडा वेळ मोकळा होता म्हणून सरावाचं रबरी पॅड घेतलं आणि सहज मेट्रोनोम (ठरलेल्या टेम्पोला क्लिक देणारं यंत्र) ४० वर लावला. दोन क्लिकच्या मधे दीड सेकंद, लपायला जागाच नाही. पुढच्या बॅचचा अकरा वर्षांचा पोरगा लवकर आलेला, दारात उभा राहून बघत होता.

"सर, तुम्हाला पण येत नाही?"

"नाही येत रे."

"तिसऱ्याला तुमचा खांदा वर जातो."

मला पटेना. त्यालाच मोबाईलवर स्लो मोशनमधे शूट करायला लावलं आणि बघतो तर काय, तिसरा स्ट्रोक मी मनगटाने वेगळा मारत होतो आणि त्यासाठी खांदा दर वेळी उचकी लागल्यासारखा उडत होता. फास्टमधे कानाला कळतच नव्हतं. म्हणजे तीन आठवडे मी चूकच पक्की करत बसलो होतो (आणि पोरांना सांगतो स्लो वाजवा म्हणून).

मग मधला टॅप काढूनच टाकला, फक्त खाली आणि वर. पोराने माझ्या खांद्यावर खोडरबर ठेवला, पडला की तो मोठ्याने आकडा म्हणायचा. अकरा वेळा पडला. त्याचे पॅराडिडल (दोन हातांच्या स्ट्रोकचा सराव) त्या दिवशी राहिलेच, घरी काय सांगितलं असेल देव जाणे.

क्लिक आठवड्याला दोन-तीननेच वाढवतोय, टॅप परत घेतलाय. सध्या ६४ वर आहे. ६६ ला खोडरबर पडतो.