लोकं देवीले, आम्ही इंजिनाले : नीलगिरीच्या गाडीतला दसरा

खंडेनवमीला आमच्याकडं ट्रॅक्टर धुतला जातो, मग वखर, डवरे, तिफण, फवारणीचा पंप, विळे, कुऱ्हाड सगळं अंगणात मांडून हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. लहानपणी हे सगळं चालू असताना माझ्या डोक्यात एकच असायचं, की आपल्या ट्रॅक्टरला हार तर मग शकुंतलेच्या इंजिनाला कोण घालत असन? कारण आमचं गाव कारंज्याच्या बाजूचं, आणि शकुंतला, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ छोट्या लाईनवरची गाडी, आमच्यासाठी घरचीच. 113 किलोमीटरची ती लाईन, दुसऱ्या बाजूला मूर्तिजापूर-अचलपूर 76, सगळी इंग्रजांच्या किलिक निक्सन कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईकडं न्यायला टाकलेली. तिचं झेडी जातीचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला बनलेलं, आणि ते 15 एप्रिल 1994 ला काढून डिझेल लावलं. पुढं तर गाडीच बंद पडली. म्हणजे मला वाफेच्या इंजिनाचं वेड लागलं आणि लगेच इंजिन गेलं, असा सगळा प्रकार.

तेव्हापासून ठरवलं होतं की एक दसरा तरी चालत्या वाफेच्या इंजिनासोबत काढायचा. म्युझियममधलं नाही. नागपूरच्या मोतीबागेत छोट्या लाईनचं म्युझियम आहे, मी कितीदा गेलो असेन, छानच आहे, पण रंग दिलेलं थंड इंजिन बघून माझं पोट भरत नाही. गरम पाहिजे, तेल गळणारं पाहिजे.

आता चालतं कुठं मिळते? माथेरान आपल्याच राज्यात, पण तिथं रोजची गाडी डिझेलवर. रेवाडीला जुनी इंजिनं जपून ठेवलीत पण ती चालतात कधीमधी, आपण जायचं आणि ती बंद, असं नको. दार्जिलिंगला जॉयराइड मिळते, आकार-उकार आपल्या शकुंतलेच्या जवळचा, पण दसऱ्याला तिथं आख्खा बंगाल चढते. राहिली ऊटीची, म्हणजे नीलगिरी माउंटन रेल्वे. आणि तिकडं नोकरीला असलेल्या आमच्या गावच्या एका पोट्ट्यानं सांगितलं की तमिळनाडूत नवमीला आयुधपूजा असते, बस, रिक्षा, कारखाना, सगळ्यांची पूजा होते, रेल्वेवाले पण इंजिन सजवतात. बस, विषय संपला. नवमीला तिथं पोचायचं आणि दसऱ्याच्या सकाळी गाडीत बसायचं.

तिकिटाचं सांगतो कारण तिथंच बरेच जण हारतात. मेट्टुपालयम ते ऊटी, स्टेशनचे कोड एमटीपी आणि यूएएम. आरक्षण आता प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवस आधी उघडते, सकाळी 8 वाजता, आणि डबे मोजकेच असल्यामुळं दसरा-दिवाळी-उन्हाळ्याच्या तारखा बघता बघता वेटिंगला जातात. वेटिंग इथं कन्फर्म होईल या आशेवर राहू नका, लोकं रद्दच करत नाहीत. आमच्याकडं तेव्हा सोयाबीनवर फवारणी चालू होती, मी पंप बांधावर ठेवून धुऱ्यावरच्या निंबाखाली रेंज शोधत उभा, आणि नागपूरला भाचा लॅपटॉपवर तयार. माझं पेमेंटचं चक्र फिरतच राहिलं आणि तिकडून भाच्याचा फोन, "मामा, झालं, दोन सीट, सेकंड क्लास. फर्स्ट क्लास नाही भेटला ना पण." म्हटलं बाबू, फर्स्ट क्लास पाहिजेच नव्हता.

हे नवख्यांना कळत नाही म्हणून लिहून ठेवतो. या गाडीत वर चढताना इंजिन मागं असते, ते डबे ढकलत नेते, सुटून खाली घसरू नयेत म्हणून. फर्स्ट क्लास सगळ्यात पुढं. म्हणजे जास्त पैसे देऊन समोरचा डोंगर मस्त दिसते पण इंजिनापासून तुम्ही सगळ्यात लांब. ज्याला निसर्ग बघायचा त्यानं पुढं बसावं. ज्याला इंजिन ऐकायचं त्यानं मागच्या डब्यासाठी देव पाण्यात ठेवावेत. आमचा डबा शेवटचा निघाला, ते मात्र निव्वळ नशीब.

घरची परवानगी ही वेगळी परीक्षा. घट बसलेले असताना घर सोडायचं म्हटल्यावर आई म्हणे, "जायचंच हाय तं माहूरले जा ना बाप्पा, रेणुकेचं दर्शन तरी होईन." बायको पहिले गप्प, मग म्हणाली, "लोकं देवीले जातात, तुमी इंजिनाले चाल्ले." पण तिला ऊटी पाहायची होती हे मला माहीत होतं, त्यामुळं ती माझ्या बाजूनं झाली. भावानं ट्रॅक्टरची पूजा अंगावर घेतली आणि सोयाबीन सोंगायचं काम आल्यावर बघू असं ठरलं, हे "आल्यावर बघू" पुढं किती महागात पडते ते शेतकऱ्यालाच माहीत. निघायच्या दिवशी धुऱ्यावरच्या आपट्याची पानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात भरली. दसऱ्याला हातात सोनं नसलं तर दसरा कसला?

कारंज्याहून एसटीनं नागपूर, तिथून केरळा एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी कोइम्बतूर. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की बायकोचा उपास आणि गाडीत चारी बाजूला बिर्याणीचा वास, तिनं शेंगदाण्याचे लाडू खात माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पण दिवसभर चहावरच राहिलो. कोइम्बतूरला पाऊस भुरभुरत होता. माझ्या पोटात गोळा, कारण घाटात जोराचा पाऊस झाला की दरड येते, रुळावर झाड पडते आणि मेट्टुपालयम-कुन्नूर गाडी रद्द करतात, पैसे परत मिळतात पण दसरा परत मिळत नाही. कोइम्बतूरहून लोकल गाडीनं तासाभरात मेट्टुपालयम. उतरल्या उतरल्या पहिले खिडकीवर विचारलं, उद्या गाडी आहे का? त्या बाईनं मान अशी हलवली की हो का नाही ते कळेना. मग हिंदीत, मग हातवारे, मग तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, चालू आहे.

आणि संध्याकाळी वरून उतरणारी गाडी आली.

काय सांगू. निळ्या रंगाचं एक्स क्लास इंजिन, दोन्ही बाजूला केळीची खांबं बांधलेली, पुढं झेंडूचा हा एवढा हार, बॉयलरच्या दारावर चंदनाचे पट्टे आणि त्यावर कुंकवाचे मोठे ठिपके, आणि त्या सगळ्यातून वाफ सुटून राहिली होती. हार बॉयलरच्या गरमीनं अर्धा करपलेला. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून मी पाहत होतो, पुढं जायची परवानगी नाही, आणि विचारून उगाच त्यांना अडचणीत कशाला टाका. थोड्या वेळानं स्टाफमधल्या एका काकांनी कागदाच्या पुडीत प्रसाद आणून दिला, मुरमुरे, फुटाणे, गूळ. बाहेर रस्त्यावर तर प्रत्येक दुकानासमोर कोहळा फोडलेला, आत कुंकू भरलेला, रिक्षांना केळीची खांबं. बायको म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच करतात हो." इतक्या वर्षांचा माझा प्रश्न असा सुटला. शकुंतलेला कोणी हार घालत होतं की नाही ते आमच्या गावात आता सांगायला कोणी उरलं नाही, पण इंजिनाला हार कसा दिसते ते पाहून घेतलं.

दसऱ्याची गाडी सकाळी 7 वाजून 10 मिनिटांची. आम्ही साडेपाचलाच स्टेशनवर. चेन्नईहून येणारी नीलगिरी एक्स्प्रेस सकाळी लागते, तिच्यातून सगळी गर्दी उतरून या गाडीकडं धावते. ज्यांच्याकडं आरक्षण नव्हतं ते अंधारापासून जनरलच्या लायनीत. मी इंजिनाच्या मागं-पुढं. कालचा हार पूर्ण काळा पडला होता पण काढलेला नव्हता, वर एक ताजा चढवलेला. फायरमन तेलाचा डबा घेऊन एकेका सांध्यात तेल सोडत होता, कपड्यानं पुसत होता, घाई अजिबात नाही. एक खंत सांगतो, कोळशाचा वास नाही. आमचं इंजिन तेलावर चालणारं होतं. जंगलात ठिणगी उडत नाही, चढावर दाब नीट धरून ठेवता येतो, कारणं सगळी पटतात, तरी माझ्या नाकाला कारंज्याचं स्टेशन पाहिजे होतं, ते भेटलं नाही.

सुरुवातीला सपाट पट्टा, सुपारीच्या बागा. बायको खिडकीतून तारांवर नीलकंठ शोधत होती, दसऱ्याला दिसला तर वर्ष चांगलं जाते म्हणून. दिसला नाही. कल्लारला गाडी हळू झाली, आणि मी भाच्याला फोन लावून मोबाईल खिडकीबाहेर धरला, कारण इथून दातांची पट्टी सुरू होते. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकलेल्या असतात आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकते. चढ आहे 1 ला 12.5, म्हणजे साडेबारा फूट पुढं गेलं की एक फूट वर, साधं इंजिन इथं जागेवरच चाकं फिरवत बसलं असतं. या इंजिनाला सिलिंडरच्या दोन जोड्या. पहिल्या जोडीत ताजी वाफ जाते, ती नेहमीची चाकं फिरवते, आणि तिथून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत जाते, ती दातेरी चाकं फिरवते. त्यामुळं कल्लारच्या पुढं आवाज बदलतो, दोन ठेके एकमेकात मिसळतात, कधी जुळतात, कधी पुढंमागं होतात, भजनात दोन टाळकरी थोडे चुकले की होते तसं. मी डोळे मिटून ऐकत होतो आणि समोरच्या बाकावरचं कुटुंब मला झोप लागली समजून माझ्या अंगावरून वाकून फोटो काढत होतं.

बोगदे आले की आख्खा डबा किंचाळते. एकूण 16 बोगदे, म्हणजे 16 वेळा रेकॉर्डिंगची वाट. त्याला इलाज नाही, पोरं मजा करणारच. पूल 250, वळणं 208, सगळी लाईन 46 किलोमीटरची, कुन्नूरपर्यंत 1899 ला सुरू झाली आणि ऊटीला 1908 ला पोचली. 2005 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आकडे मला तोंडपाठ होते, पण प्रत्यक्षात माझं सगळं लक्ष डब्यांवरच्या ब्रेकवाल्यांकडं. ड्रायव्हर मागं असल्यामुळं त्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून डब्यांच्या पुढच्या टोकाला एकेक माणूस झेंडी घेऊन, हाताशी ब्रेकचं चाक. सगळ्यात पुढचा झेंडी हलवतो, ती एकामागून एक मागं पोचते, मग इंजिन सुटते. आजच्या काळात एवढी माणसं एका गाडीवर. शकुंतलेचा गार्डच तिकिटं पण फाडायचा, ते आठवलं.

हिलग्रोव्हला पाणी भरायला बराच वेळ थांबते. इथं माकडं फार, बायकोच्या हातातली शंकरपाळ्यांची पिशवी एकानं थेट ओढून नेली आणि शेडवर बसून आमच्यासमोर खाल्ली. मी तो वेळ इंजिनापाशी. आपट्याचा डबा काढला. ड्रायव्हरला तमिळ आणि तोडकी हिंदी, मला तमिळ शून्य. दोन पानं त्याच्या हातावर ठेवली, नमस्कार केला, म्हटलं दशहरा, सोना, गोल्ड. त्यानं पान उलटंपालटं केलं, वास घेतला आणि तोंडाजवळ नेलं, खायचं का अशी खूण केली. मी नाही नाही करेपर्यंत फायरमन हसायला लागला. शेवटी त्यानं ते पान चंदनाच्या पट्ट्यापाशी हाराच्या दोऱ्यात खोचलं, फायरमननं आपलं शर्टाच्या खिशात. ब्रेकवाल्यांना पण दिली, एक जण माझ्या पाया पडायला लागला कारण मी वयानं मोठा, मीच अवघडलो. आमच्या धुऱ्यावरचं पान आणि ते नीलगिरीच्या इंजिनावर, माझा दसरा तिथंच झाला.

साडेदहाच्या सुमारास कुन्नूर. इथं वाफेचं इंजिन काढतात आणि पुढं ऊटीपर्यंत डिझेल लावतात, कारण दातांची पट्टी कुन्नूरलाच संपते. मला खरं तर तिथंच उतरून शेडच्या आजूबाजूला दिवस काढायचा होता, पण बायकोनं तिकिटाकडं बोट दाखवलं, "ऊटीपर्यंतचे पैसे भरले ना?" तर गेलो. चहाचे मळे, केट्टीची दरी, लवडेल, दिसायला कुन्नूरच्या पुढचं सगळ्यात सुंदर आहे हे मान्य, तिनं तोंडभरून कौतुक केलं. मी मागं वळून पाहत होतो पण मागं आता काही नव्हतंच.

ऊटीला उतरलो तर थंडी, स्वेटर एकच आणलेलं, ते कोणाच्या अंगावर गेलं ते सांगायला नको. कोणी जाणार असेल तर गाडीनं वर जा, खाली बसनं या, वेळ निम्म्याहून कमी लागतो. आणि खिडकी डावी का उजवी यावर लोकं वाद घालतात त्यात पडू नका, मागचा डबा मागा. संध्याकाळी भावाचा फोन आला, ट्रॅक्टरला हार घातला, नारळ फोडला, आणि आभाळ भरून आलंय, सोयाबीनचं काय करायचं ते सांग. म्हटलं सोंगणाऱ्यांना परवाचं सांगून ठेव, मी पोचतो. तो म्हणे, "पोचशीन तवा पोच, पण इंजिनाचा फोटो तं पाठव पहिले, आई मांगून राह्यली."