हेन्री की राईट? एका स्टॉपरचं मत

गेल्या रविवारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मध्यंतर झालं. मामांनी शेंगदाण्याची पुडी उघडली आणि पुन्हा तोच विषय काढला. "तुजा हेन्री चांगलाच हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर स्ट्रायकर म्हणशील तर राईटच."

आमच्यात हा वाद वीस वर्षं चाललाय. आर्सेनलचा आजवरचा सगळ्यात मोठा स्ट्रायकर कोण? मामा इयान राईटवर ठाम, मी थिएरी हेन्रीवर. वर्ल्डकप आला की आमच्या गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पोस्टरवरून दोन तट पडतात. आमच्या घरातलं भांडण मात्र बारमाही, आणि ते एका लंडनच्या क्लबवरून. आज माझं म्हणणं सगळं एकदा लिहून काढतो.

मामांचं राईटवर प्रेम का, हे आधी सांगायला हवं. मामा उद्यमनगरात लेथवर होते. दिवसभर कामाला उभे राहायचे, संध्याकाळी तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांबरोबर सरावाला जायचे आणि रविवारी सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरायचे. तळहातावर लोखंडाच्या किसाचे बारीक काळे ठिपके आहेत, ते आजही जात नाहीत. आणि राईट? तो बावीस वर्षांचा होत आला तरी कुठल्याही मोठ्या क्लबनं त्याला घेतलेलं नव्हतं. मजुरी करायचा, गिलाव्याचं काम करायचा, सुट्टीच्या दिवशी साध्या मैदानांवर खेळायचा. 1985 साली क्रिस्टल पॅलेसनं त्याला उचललं, 1991 ला तो आर्सेनलला आला आणि लीगमधल्या पहिल्याच सामन्यात साउदम्प्टनविरुद्ध तीन गोल मारले. केबल नवी नवी आली तेव्हा मामांनी हा माणूस टीव्हीवर पाहिला. गोल मारल्यावर त्याच्या तोंडावर जो आनंद असायचा तो बघून मामा म्हणाले होते, "ह्यो आपल्यातला हाय." ते वाक्य मी दहा-बारा वर्षांचा असताना ऐकलं, अजून कानात आहे.

मी सेंटर फॉरवर्डचा भाचा असलो तरी खेळलो स्टॉपर म्हणून, म्हणजे बचाव फळीच्या मधोमध. सहा वर्षं एका छोट्या तालमीकडून लीगमध्ये होतो, मग गुडघा गेला. आता लक्ष्मीपुरीत टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यामुळं स्ट्रायकरकडं बघायची माझी नजर मागच्या फळीतल्या माणसाची आहे. त्यानं किती गोल मारले हा नंतरचा प्रश्न. मला त्याला धरायला सांगितलं तर मी काय करीन, हा माझ्यासाठी पहिला.

तरी आकडे मांडलेच, कारण मामा आकड्यांवरच बोट ठेवतात. राईटचे आर्सेनलसाठी 288 सामन्यांत 185 गोल. हेन्रीचे 377 सामन्यांत 228. शंभर सामन्यांमागं राईटचे 64 आणि हेन्रीचे 60. इथं मामा जिंकतात. पण मग टेड ड्रेक दोघांनाही मागं टाकतो. 184 सामन्यांत 139, म्हणजे शंभरामागं 75. 1934-35 च्या एका हंगामात त्यानं लीगमध्ये 42 गोल मारले आणि 1935 च्या डिसेंबरात ॲस्टन व्हिलाच्या मैदानावर जाऊन एका सामन्यात सात. ड्रेकला ना मामांनी पाहिलं ना मी, म्हणून आम्ही दोघं त्याला हात जोडतो आणि पुढं जातो.

मामांचा खरा मुद्दा वेगळा आहे. राईट ज्या संघात खेळला तो गोल वाचवणारा संघ होता. मॅनेजर जॉर्ज ग्रॅहमचं आर्सेनल, एक-शून्यनं जिंकणारं. 1992-93 च्या लीगमध्ये 42 सामन्यांत या संघानं फक्त 40 गोल मारले, त्यातले 15 एकट्या राईटचे. मधल्या फळीतून पास यायचे नाहीत, मागून लांब उडवलेला बॉल यायचा आणि त्यातून त्यानं काहीतरी घडवायचं. एव्हर्टनविरुद्धचा 1993 चा गोल तसाच. बॉल उचलून उचलून मॅट जॅक्सनला चकवलं आणि नेव्हिल साउथॉलसारख्या गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद जाळीत. मामा म्हणतात, "हेन्रीच्या मागं बर्गकॅम्प, पिरेस, व्हिएरा. ताटात वाढल्यालं खायाला काय लागतंय?"

हा मुद्दा माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा बिलबुकाच्या मागच्या बाजूला हिशेब केला. 1993-94 ला संघाचे 53 गोल, राईटचे 23. म्हणजे शंभरातले 43. 2003-04 ला आर्सेनल अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकलं, संघाचे 73 गोल, हेन्रीचे 30. शंभरातले 41. मी दोनदा ताडून पाहिलं. ताटात वाढणारे इतके असूनसुद्धा संघाच्या ओझ्याचा जवळजवळ तेवढाच वाटा हेन्रीनं उचलला होता. शिवाय आदल्या वर्षी, 2002-03 ला, त्यानं लीगमध्ये स्वतः 24 मारले आणि 20 दुसऱ्यांना करून दिले. वाढणाऱ्यांतही तोच होता. आणि बर्गकॅम्प 1995 लाच आला, राईटलाही तीन हंगाम मिळाला, हे मामा दर वेळी विसरतात.

आता स्टॉपरचं बोलतो.

राईटसारख्या फॉरवर्डला धरायचं कसं हे मला माहीत आहे. जमेल असं नाही, पण काय करायचं ते माहीत आहे. त्याला चिकटून राहायचं. आपला एक हात त्याच्या कमरेशी हवा, नुसता लागलेला, म्हणजे तो कुठल्या अंगाला वळतोय ते डोळ्यांआधी हाताला कळतं. वळू द्यायचं नाही. बॉलकडं बघायचा मोह टाळायचा, कारण असली माणसं आपण बॉलकडं बघितलं त्याच क्षणी हातातून निसटतात. नव्वद मिनिटं त्याचा श्वास ऐकत काढायची. खेळून आल्यावर अंगातलं त्राण जातं, पण रीत आहे.

हेन्रीला ती रीतच लागू पडत नाही. तो मुळात मधे उभाच राहत नाही, डाव्या बगलेला सरकतो. स्टॉपर त्याच्यामागं गेला तर मधे खिंडार, नाही गेला तर त्याला हवी तेवढी मोकळी जागा. जवळ गेलात की तो मागच्या जागेत पळतो आणि त्या पळण्याला उत्तर नाही. लांब राहिलात की तो तुमच्याकडं तोंड करून अंगावर येतो, ते त्याहून वाईट. नोव्हेंबर 2003 मध्ये मिलानमध्ये तिथल्या इंटर क्लबविरुद्ध त्यानं काय केलं ते मी शंभरदा पाहिलं असेल. स्वतःच्या अर्ध्यातून बॉल घेऊन धावला, पुढं झानेट्टी. झानेट्टी म्हणजे कुणी लेचापेचा नव्हे. हेन्री त्याच्यासमोर चक्क थांबला. सगळा वेग सोडून दिला. झानेट्टी थबकला, त्याचं वजन टाचांवर गेलं आणि त्याच क्षणी हेन्री सुटला आणि डाव्या पायानं मारला. बचाव करणाऱ्याचं वजन टाचांवर गेलं की तो संपला, हे खेळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. बॉल इंचभर हलवायच्या आधी त्यानं झानेट्टीला तिथं आणून ठेवलं होतं. आर्सेनल 5-1 जिंकलं.

आणि एप्रिल 2004. त्या एका आठवड्यात संघ इंग्लंडचा एफए कप आणि युरोपची चॅम्पियन्स लीग दोन्हींतून बाहेर पडला होता, लिव्हरपूल मध्यंतराला 2-1 पुढं. हेन्री हामानला टाकून आत शिरला, कॅराघर पाय उचलेपर्यंत बाजूनं गेलेला होता. कॅराघरची ती गोंधळलेली पावलं बघून माझ्या पोटात गोळा आला होता. मी हेन्रीचा भक्त, पण त्या घडीला मी कॅराघर होतो. सामना 4-2, हेन्रीचे तीन. तो हरलो असतो तर न हरण्याची ती कथाच राहिली नसती.

हा माणूस 1999 ला युव्हेंटसमधून बगलेला खेळणारा म्हणून आला होता आणि पहिला गोल मारायला त्याला आठ सामने थांबावं लागलं. स्ट्रायकर व्हायला तो इथं शिकला. म्हणूनच त्याचं सरकणं असं वेगळं होतं, असं मला वाटतं. आपल्या अनिकेत जाधवला 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळताना पाहिलं तेव्हाही माझं लक्ष बॉल नसताना तो कुठं जातोय यावरच होतं. सवयच लागली.

हे सगळं मी रविवारी मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सालं झटकली आणि हुकमी पत्ता टाकला. "फायनल."

इथं मला नेहमी गप्प बसावं लागतं. 1993 च्या एफए कप फायनलला राईटनं गोल मारला, बरोबरी झाली म्हणून पाच दिवसांनी पुन्हा सामना झाला, त्यातही मारला. हेन्री आर्सेनलकडून इतक्या फायनल खेळला, युरोपातल्या दोन धरून, आणि एकीतही गोल नाही. पेठेत वाढलेल्या माणसाला याचं वजन सांगावं लागत नाही. लीगमध्ये वीस मारलेल्याला लोक विसरतात, फायनलला एक मारलेल्याचं नाव चाळीस वर्षांनी कट्ट्यावर निघतं. 17 मे 2006, पॅरिस, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बार्सिलोना. सुरुवातीलाच हेन्री गोलकीपरसमोर मोकळा होता आणि वाल्देसनं अडवला. मी पहाटेपर्यंत जागा होतो. ते चुकलं याचं मला अजून वाईट वाटतं आणि ते मी मामांपासून लपवत नाही.

पण या वेळी मी मोबाईल काढला. त्याच सामन्यातला 37 व्या मिनिटाचा गोल लावून त्यांच्या हातात दिला. अठराव्या मिनिटाला आपला गोलकीपर लेमन लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला, संघात दहा माणसं आणि तरी आर्सेनल पुढं गेलं ते याच गोलनं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीन जवळ धरला. पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"हेडर कॅम्पबेलचा हाय," ते म्हणाले.

"फ्री किक कुणाची मामा?"

त्यांनी तिसऱ्यांदा बघितलं. तेवढ्यात शिट्टी वाजली, पोरं मैदानात उतरली आणि मामा मोबाईल माझ्याकडं देत म्हणाले, "थांब, आता मॅच बघू दे."

मी पुडीतले उरलेले दाणे घेतले.