रिंगण उभ्या चौकटीत

वाखरीअलीकडच्या बाजीराव विहिरीजवळील गोल रिंगणाचे चित्रण आमच्या डिजिटल डेस्कवर आले, तेव्हा त्याचे रील ताबडतोब गेले पाहिजे, असा निरोपही सोबतच आला होता.

1920 बाय 1080 च्या आडव्या चित्रातून 9:16 ची उभी पट्टी काढायची, तर रुंदीतले जेमतेम 607 पिक्सेल हाती राहतात. जुन्या 4:3 टीव्हीसाठी आडवे चित्र कापताना पाव भाग जात असे. आता दोन तृतीयांशांहून अधिक जातो. काय ठेवायचे हे ठरवणारी ऑटो रिफ्रेमची सोय आहे. ती बहुधा माणूस शोधते आणि चौकट त्याच्यामागे नेते.

रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर पताकाधारी स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर साक्षात माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे स्वाराला धरले आणि ज्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला लोक धावतात, तो माउलींचा अश्वच बाहेर ठेवला. त्या सॉफ्टवेअरला तरी काय बोलावे? आम्ही वाहिनीवाल्यांनीही चेहऱ्यालाच बातमी मानले आहे.

मग मी हाताने की-फ्रेम टाकल्या, म्हणजे कोणत्या क्षणी चौकट कुठे असावी याच्या खुणा केल्या. वळणावर अश्व कॅमेऱ्याच्या रोखाने येतात, तेव्हा दोघे एकामागे एक येऊन अरुंद पट्टीतही मावतात. समोरून आडवे जाताना मात्र त्यांच्यातले अंतर 607 पिक्सेलना पेलत नाही. तिथे मी स्वाराला चौकटीबाहेर जाऊ दिले, मोकळे खोगीर धरून ठेवले आणि धावण्याच्या दिशेला थोडी जागा सोडली. तो तुकडा आजही मला पटतो. "घोडा रिकामाच पळतोय, शॉट चुकला का?" असे सोशल मीडिया सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, तेव्हा वाटले, वारीच्या बातम्या करणाऱ्यांना वारीची इतपत तरी माहिती असावी.

तरीही रिंगण हरवलेच. मधोमध पालखी, भोवती दिंड्या आणि त्यांच्यामधून धाव, हे एका नजरेत दिसले तरच ते रिंगण. उभ्या पट्टीत फक्त पळणारा घोडा उरतो. ड्रोनच्या चित्रात वर्तुळ बसते, पण अश्व मुंगीएवढे होतात. वर-खाली धूसर पट्ट्या भरून आडवे चित्र तसेच ठेवण्याचा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. डेस्कवर तो आळशीपणाचा समजला जातो.

संध्याकाळी कॅमेरामनला फोन करून पुढच्या रिंगणाला वळणाजवळ उभे राहण्याची विनंती केली. आता आधी मोबाइल उभा धरून चित्रण करायचे आणि मगच कॅमेरा काढायचा, अशी सूचना त्याला मिळाली होती.