खाडे आणि कोठी

वसतिगृहाची मेस मुलांनीच चालवायची ठरली की पहिला वाद चवीवरून होत नाही, खाड्यांवरून होतो. गावी गेलेला म्हणतो, जेवलोच नाही तर पैसे कसले? खरंय, पण आचारी गावी गेलेला नसतो. ६० जणांच्या मेसमध्ये ३० दिवसांचे १,८०० खाणेदिवस भरतात. आचारी, मदतनीस, भांडीवाल्या मावशी आणि गॅस मिळून समजा ९०,००० रुपये झाले, तर डोक्यावर रोजचे ५० पडतात. १८० खाडे झाले की तेच साडेपंचावन्न. म्हणून तीन दिवसांहून कमी खाडा धरायचा नाही आणि आदल्या रात्री वहीत नाव हवं. सकाळी फोनवर कळवून काय उपयोग? तोवर कणीक भिजलेली असते.

कणकेचं गणित सोपं आहे. किलोला पंचवीस-सव्वीस पोळ्या, माणशी चार, म्हणजे एका वेळेला साडेनऊ किलो. तांदूळ साडेचार किलो, तूरडाळ दोन किलोच्या आतबाहेर. आगाऊ न सांगता पाहुणे वाढले की पोळ्या संपलेल्या सगळ्यांना दिसतात. आमटी मात्र संपतच नाही, तिच्यात गुपचूप तांब्या ओतला जातो. पातळ आमटीवरून आचाऱ्याला धारेवर धरण्याआधी त्या दिवशीची पाहुण्यांची कूपनं मोजावीत.

खरी मेख कोठीत आहे. दर महिन्याला सेक्रेटरी बदलतो. हुशार सेक्रेटरी शेवटच्या आठवड्यात काहीच भरत नाही, असलेलं संपवतो. त्याचा रेट कमी लागतो, सगळे वाहवा करतात आणि पुढच्याला एक तारखेला डब्यांचे तळ दिसतात. यावर उपाय एकच: आधीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक, तोच त्या महिन्याचा खर्च. शिल्लक दोघांनी मिळून काट्यावर मोजायची. फोडलेला १५ किलोचा तेलाचा डबा हलवून 'अर्धा असेल' म्हणायचं नाही. वजन करून रिकाम्या डब्याचं वजा करायचं. तेलातच सगळ्यात जास्त फसगत होते, त्याखालोखाल शेंगदाण्यात. शेंगदाणे जातायेता तोंडात टाकले जातात आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत सापडत नाही.

फीस्टच्या रविवारी खाड्यांच्या वहीचं पान कोरं असतं. माणशी १०० ग्रॅम धरून आणलेलं सहा किलो श्रीखंड शेवटच्या पंगतीपर्यंत पुरवायचं तर वाढायला मोठी पळी द्यायची नाही, चमचा द्यायचा. रात्री मेस बंद.